रात्री फोन कोणासाठी जागतो?

समजा, रात्रीचे साडेदहा वाजलेत. नगर-सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावात दुकानांची शटरं केव्हाच खाली आली आहेत, पण एका अंगणवाडी सेविकेच्या हातात फोन अजून चालूच आहे. दुपारी रेंज गेली होती, त्यामुळे मुलांची हजेरी, वजन, उंची आता भरायची आहे. तिच्या या फोनमध्ये कामाचा शीण ओळखणारं ॲप टाकलं, तर त्याला काय दिसेल?

बरंच काही दिसेल. स्क्रीन रात्री शेवटची कधी विझली आणि पहाटे पहिल्यांदा कधी उजळली, यावरून झोपेचा अंदाज येतो. पावलं फोन मोजतोच. कॅमेऱ्याच्या भिंगावर बोट ठेवून मागचा दिवा लावला, तर नाडीही मिळते. प्रत्येक ठोक्याला बोटात रक्ताची लाट येते, रक्त प्रकाश शोषतं आणि स्क्रीनवरचा लाल रंग किंचित गडद होतो. वैद्यबुवा मनगट धरायचे, त्यातलाच हा प्रकार. गंमत म्हणजे निरोगी हृदय घड्याळासारखं टिकटिकत नाही. श्वास घेताना ठोके जरा जवळ येतात, सोडताना लांबतात. ताण मुरला की ही लवचीकता कमी होते. अर्थात एका मोजणीवर विसंबू नये. चहा, ताप, नुकताच चढलेला जिना, कशानेही आकडा हलतो. आपल्याच काही आठवड्यांच्या नोंदींशी ताडून पाहिलं, तरच त्याला अर्थ.

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात २०१३ मध्ये ४८ विद्यार्थ्यांच्या फोनमधून १० आठवडे अशा नोंदी घेतल्या गेल्या. अभ्यासाचा बोजा चढत गेला तसा ताण वाढला. झोप आणि गप्पा घटल्या.

पण झोप उडाली म्हणजे ‘बर्नआउट’ झाला, असं नाही. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये हा शब्द वापरला, तो न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्यांविषयी. क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये त्याची मोजपट्टी दिली. तिच्यातल्या तिन्ही खुणा आपण रोज बोलतो: अंगात त्राण नाही, कामाचा वीट आलाय, माझ्या हातून काही होत नाही. फोनला धड दिसते ती पहिली. उरलेल्या दोन माणसाला विचारूनच कळतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटलं. म्हणजे बिघाड शोधायचा तो कामात.

आणि इथेच ॲपवाल्यांची पंचाईत होते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी फोन परत करण्याचं आंदोलन केलं. फोन जुने, मेमरी तोकडी, आणि नोंदी भरायचं ‘पोषण ट्रॅकर’ ॲप इंग्रजीत! २०२५ च्या जुलैपासून घरपोच आहार देताना लाभार्थीचा चेहरा ॲपमध्ये जुळवणंही सक्तीचं झालं. शीण मोजणारं ॲप आपल्या सेविकेला सांगणार, ‘तुमची झोप कमी झाली आहे, दीर्घ श्वास घ्या.’ तिला जागवतंय दुसरं ॲप, हे त्याच्या गावीही नसणार! माझ्या मते अशी ॲपं वापरावीत, पण नोंदी ज्याच्या त्याच्याकडेच राहाव्यात. साहेबांच्या टेबलावर गेल्या, की त्यांचा चाबूक व्हायला वेळ लागत नाही.

फारच जड होत असेल तर १४४१६ हा ‘टेली-मानस’चा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. आणि सेविकांनो, आठवडाभर एक करून पाहा. रात्री दहानंतर फोन किती वेळा उघडला आणि कशासाठी, ते साध्या वहीत लिहा. निम्म्याहून अधिक नोंदी कामाच्या निघाल्या, तर ते पान पुढच्या मासिक बैठकीत पर्यवेक्षिकेसमोर ठेवा. एकटीने नको, चार-पाच जणी मिळून ठेवा.