स्वयंचलित मोटारीतील ‘स्पोर्ट मोड’ : रोजच्या रस्त्यावर उपयोग किती?

क्लचविना चालणाऱ्या मोटारी एकेकाळी भारतात श्रीमंतांपुरत्या मर्यादित होत्या. २०१४ साली मारुती सुझुकीने ‘सेलेरिओ’ ही छोटी मोटार ‘एएमटी’ गिअरबॉक्ससह बाजारात आणली आणि हे चित्र पालटू लागले. आज मध्यमवर्गीय कुटुंबाच्या पहिल्या मोटारीतही स्वयंचलित गिअर असू शकतो. मात्र गिअरच्या दांड्याशेजारील ‘एस’ हे अक्षर अथवा ‘स्पोर्ट’ असे लिहिलेले बटण नेमके कशासाठी आहे, याविषयी अनेक मालकांच्या मनात संभ्रम असतो. काहीजण ते वर्षानुवर्षे दाबतच नाहीत, तर काहीजण गाडीला ‘पिकअप’ मिळतो म्हणून सिग्नलच्या गर्दीतही ते सुरूच ठेवतात.

या बटणामुळे इंजिनाची कमाल शक्ती वाढते, हा सर्वात मोठा गैरसमज होय. बहुतांश मोटारींत असे काही घडत नाही. आधुनिक मोटारीत ॲक्सिलरेटरचे पेडल तारेने इंजिनाला जोडलेले नसते. पाय किती दाबला गेला, हे संवेदकाद्वारे संगणकाला कळते आणि इंजिनात हवा व इंधन किती सोडायचे, हे संगणक ठरवतो. स्पोर्ट मोडमध्ये या हिशेबाचे गणित बदलते. एरवी पेडल अर्धे दाबल्यावर मिळणारा जोर तेथे थोड्या दाबानेच मिळतो. पेडल पूर्ण दाबले असता मात्र दोन्ही स्थितींत इंजिन तेवढीच शक्ती देते. म्हणजे ‘पिकअप’ वाढल्याची जी जाणीव होते, तिचा बराचसा भाग पायाला झालेला भास असतो.

दुसरा बदल गिअरबॉक्समध्ये होतो व तो अधिक महत्त्वाचा आहे. नेहमीच्या ‘डी’ स्थितीत इंधन वाचावे म्हणून गिअरबॉक्स शक्य तितक्या लवकर वरचा गिअर टाकतो. स्पोर्ट मोडमध्ये तो खालचा गिअर अधिक काळ धरून ठेवतो आणि पाय दाबताच झटकन आणखी खाली उतरतो. इंजिनाचे फेरे वाढलेले राहतात, आवाज वाढतो आणि ॲव्हरेज घटते. महागड्या मोटारींत याच बटणाने स्टिअरिंग जड व सस्पेन्शन कडक होते. खड्ड्यांच्या रस्त्यावर हे कडक सस्पेन्शन पाठीला त्रास देण्याखेरीज दुसरे काही करत नाही.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सचा ‘हायड्रा-मॅटिक’ हा स्वयंचलित गिअरबॉक्स १९४० च्या सुमारास मोटारींत आला, तेव्हा गिअर कधी बदलावा हे तेलाचा दाब व झडपा ठरवत असत. १९८० च्या दशकात हे काम इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाकडे गेले आणि एकाच गिअरबॉक्सला दोन स्वभाव देणे सोपे झाले. भारतात टाटाच्या ‘टियागो’सारख्या छोट्या मोटारीच्या स्वयंचलित आवृत्तीतही ‘सिटी’ व ‘स्पोर्ट’ असे दोन पर्याय देण्यात आले.

शहरातील रहदारीत या सोयीचा उपयोग जवळपास शून्य आहे. मुंबईतील पश्चिम द्रुतगती मार्ग असो की बंगळुरूचा आउटर रिंग रोड, गर्दीच्या वेळी गाडी सरकते ती पावलापावलाने. अशा वेळी संवेदनशील झालेले पेडल गाडीला धक्के देते, पुढच्या बंपरला टेकण्याची भीती वाढते आणि इंधन मात्र जळत राहते. स्वस्त मोटारींतील ‘एएमटी’ म्हणजे मुळात साधा गिअरबॉक्सच. फक्त क्लच व गिअर यंत्राद्वारे हलवले जातात. त्यामुळे स्पोर्ट मोडमध्ये उशिरा बदललेल्या गिअरचा हिसका तेथे अधिक जाणवतो. ‘सीव्हीटी’ प्रकारात ठरावीक गिअर नसतातच. तेथे इंजिन वरच्या फेऱ्यांवर घोंगावत राहते.

ओव्हरटेक करताना

दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यावर चित्र बदलते. कोकणातील वा विदर्भातील एखाद्या राज्य मार्गावर मालाने भरलेला ट्रक ताशी ४० किलोमीटर वेगाने चालला आहे, असे समजा. ट्रकची लांबी, आपली लांबी आणि मागे-पुढे ठेवायचे अंतर धरले, तर त्याला ओलांडण्यासाठी त्याच्यापेक्षा सुमारे ४५ मीटर अधिक अंतर कापावे लागते. मोटार ताशी ६० च्या वेगाने जात असेल तर यास ८ सेकंदांहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात मोटार सुमारे १३५ मीटर पुढे जाते आणि समोरून तितक्याच वेगाने येणारे वाहनही १३५ मीटर जवळ येते. म्हणजे किमान २७० मीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. मोटारीचा वेग ताशी ७० असेल तर काम साडेपाच सेकंदांच्या आत होते आणि सुमारे १९५ मीटर पुरतात. खरी गरज याहून अधिक असते, कारण हा वेग गाठण्यातही वेळ जातो.

येथे गिअरबॉक्सचा विलंब आड येतो. ‘डी’ स्थितीत वरच्या गिअरमध्ये रेंगाळणाऱ्या मोटारीला पाय दाबल्यावर खालचा गिअर शोधावा लागतो. टर्बो इंजिन असल्यास दाब तयार होण्यास आणखी क्षणभर लागतो. समोरच्या बाजूला गेल्यावर हा क्षण फार मोठा वाटतो. स्पोर्ट मोड आधीच सुरू केला असेल तर योग्य गिअर तयार असतो. ट्रकच्या मागे असतानाच, रस्ता पाहत असताना, बटण दाबावे. मधोमध पोहोचल्यावर ते शोधू नये. अर्थात वळणावर वा चढाच्या माथ्यावर कोणताही मोड ओव्हरटेक सुरक्षित करू शकत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांपैकी ७१.२ टक्के मृत्यू अतिवेगाशी निगडित होते. ‘स्पोर्ट’ या नावाने चालकाला जी हुरूप येते, ती या आकड्यासमोर ठेवून पाहणे योग्य ठरेल.

घाट उतरताना

स्पोर्ट मोडचा सर्वाधिक मोलाचा उपयोग वेग वाढवण्यासाठी नसून तो आवरण्यासाठी आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना मोटार पाचशे मीटरहून अधिक खाली येते. प्रवाशांसह १,४०० किलो वजनाची गाडी एवढी उतरते, तेव्हा सुटणारी ऊर्जा २० लिटरहून अधिक पाणी उकळी येईपर्यंत तापवू शकेल इतकी असते. काही भाग हवा व टायरचे घर्षण शोषून घेते. उरलेली सारी उष्णता, इंजिनाने मदत न केल्यास, ब्रेकच्या डिस्क व पॅडमध्ये जाते. ब्रेक अतिशय तापले की त्यांची पकड कमी होते, करपल्याचा वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही.

‘डी’ स्थितीत गिअरबॉक्स उतारावरही वरचा गिअर निवडू शकतो. तेथे इंजिनाचा अडसर फारच थोडा असतो. स्पोर्ट मोडमध्ये खालचा गिअर टिकतो आणि पाय उचलताच इंजिन गाडीला मागे ओढते. सर्वच मोटारींत हा परिणाम सारखा नसतो. त्यामुळे ज्या गाडीत ‘एल’, ‘२’ किंवा हाताने गिअर बदलण्याची ‘एम’ स्थिती आहे, तेथे तीव्र उतारावर तीच अधिक खात्रीची. जुन्या चालकांचा ‘ज्या गिअरने चढायचे, त्याच गिअरने उतरायचे’ हा ठोकताळा स्वयंचलित गाडीलाही बहुतांशी लागू पडतो.

याच्या अगदी उलट सवय म्हणजे इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून उतरवणे. ही बचत खोटी आहे. इंधन फवारणीच्या आधुनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना व पाय ॲक्सिलरेटरवर नसताना इंधनपुरवठा जवळपास बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते. इंजिनच बंद केले तर संकट आणखी मोठे. ब्रेकला मदत करणारी निर्वात शक्ती काही दाबांतच संपते आणि स्टिअरिंग जड होते.

पावसाळ्यात पुन्हा सावध राहावे लागते. पहिल्या सरींनंतर रस्त्यावरील तेल व धूळ मिळून निसरडा थर तयार होतो. संवेदनशील पेडलमुळे चाके जागीच फिरू शकतात, तर खालच्या गिअरचा अचानक बसलेला अडसरही निसरड्या वळणावर पकड सोडवू शकतो. तेव्हा ‘डी’ स्थिती व हलका पाय बरा. सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर, तेल गरम होण्यापूर्वी, इंजिन वरच्या फेऱ्यांवर नेणेही टाळावे. एरवी स्पोर्ट मोडने इंजिन खराब होते ही भीती अनाठायी आहे, कारण फेऱ्यांची कमाल मर्यादा संगणक ओलांडू देत नाही.

विजेवर चालणाऱ्या मोटारींतही ‘स्पोर्ट’ हा पर्याय असतो, पण तेथे गिअर बदलण्याचा प्रश्न सहसा नसतो. पेडलचा प्रतिसाद तीव्र होतो आणि बॅटरी लवकर उतरते. उतारावरील अडसर मोटरद्वारे वीजनिर्मिती करून मिळतो व त्याची पातळी बहुधा वेगळ्या बटणाने ठरते. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ही वीज साठवायला जागाच उरत नाही आणि अनेक गाड्यांत अडसर कमी होतो. म्हणून महाबळेश्वरला मुक्कामात रात्रभर चार्जिंग करून सकाळी पसरणी घाटाने वाईकडे उतरणार असाल, तर बॅटरी थोडी रिकामी ठेवलेली बरी.