मार्ग म्हणजे जो झाडला जातो

आषाढ जवळ आला की गोदातीरावरील आमच्या गंगाखेडात टाळांचा नाद आधी कानी येतो आणि पाठोपाठ पावलांचा. संत जनाबाईंचे हे जन्मस्थान. शेगावहून निघणारी श्रीगजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा या मार्गाने येथे येते आणि पुढे परळी वैजनाथाकडे जाते. आसपासच्या खेड्यांतील लहान दिंड्याही याच सुमारास निघतात. पालखी डांबरी रस्त्याने जाते हे खरे. परंतु त्या रस्त्याला येऊन मिळण्यापूर्वी खेड्यातील वारकरी आपल्या गावच्या एखाद्या पांदणीतून चालत आलेला असतो. पंढरीच्या वाटेचे गुणगान आपण नेहमीच करतो. आज त्या वाटेच्या या धाकट्या बहिणीविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आहे.

संस्कृत व्युत्पत्तिकार 'मार्ग' या शब्दाचे मूळ दोन धातूंत शोधतात. एकाचा अर्थ शोधणे, तर दुसऱ्याचा, म्हणजे 'मृज्' या धातूचा, अर्थ स्वच्छ करणे. मार्जन, संमार्जन, मार्जनी हे शब्द याच दुसऱ्या धातूचे. मार्जनी म्हणजे केरसुणी. तेव्हा मार्ग म्हणजे केवळ पायांखालची जमीन नव्हे. जो शोधला जातो आणि जो झाडला जातो, तो मार्ग. झाडणारे हात थांबले की त्याचे मार्गपणही सरते. देवळाच्या सभामंडपाला जे संमार्जन लागते, तेच शिवारातील वाटेलाही लागते.

पांदण म्हणजे दोन्ही बाजूंच्या शेतांमधून जाणारी सर्वांची वाट. ती कोणा एकाच्या मालकीची नाही, म्हणूनच ती सर्वांच्या उपयोगाची. सकाळी तिच्यावरून गुरे रानात जातात आणि बैलगाड्या शेतात. पोरे सायकलीवरून शाळेस निघतात, बाया डोक्यावर भाकरीची दुरडी घेऊन जातात. याच वाटेने नवरी सासरी जाते, दिंडी पंढरीला निघते आणि अखेरचा प्रवासही याच वाटेने होतो. गावातील सर्व जातींची आणि सर्व वयांची माणसे दिवसातून एकदा तरी जेथे समोरासमोर येतात, अशी जागा देवळाखेरीज हीच.

आमच्या परभणी जिल्ह्याची जमीन काळी, कसदार आणि हट्टी. पावसात ती फुगते, चिकटते, चाक धरून ठेवते. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात. अशा भूमीवरील वाट आपोआप टिकत नाही. आमच्या लहानपणी गुढीपाडव्यानंतर रान मोकळे झाले की गावकरी कुदळ, फावडे, टोपले घेऊन पांदणीवर उतरत. बाभळीच्या काटेरी फांद्या कोयत्याने तोडल्या जात. चाकोऱ्यांत मुरूम पडे. वाटेचा मध्य उंच ठेवून पाणी दोन्ही अंगांच्या चाऱ्यांत उतरवले जाई, ओढ्याच्या उतारावर दगड बसवले जात. मृग निघण्यापूर्वी हे काम पुरे करावयाचे, असा दंडकच होता.

हा दंडक पुढे सैल झाला. प्रत्येक नांगरटीला काठावरचा शेतकरी एक तास आत सरकला, समोरचाही सरकला, आणि गाडीची वाट पायवाट होऊन बसली. वस्तुतः जुन्या गावनकाशांत या वाटांचे मान ठरलेले आहे. गावाहून गावाला जाणारा ग्रामीण रस्ता 33 फूट, गाडीमार्ग साडेसोळा ते 21 फूट आणि पायमार्ग सव्वाआठ फूट. कागदावर ही रुंदी अजूनही तशीच आहे. आटली आहे ती जमिनीवर.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, तालुक्यातील एका खेड्यात माझे कीर्तन होते. गाव कोसभर दूर असता पांदणीत समोरून चौघे जण बाज खांद्यावर घेऊन येताना दिसले. बाजेवर तापाने फणफणलेली एक म्हातारी होती. एकाचा पाय चिखलात रुतला, बाज कलंडली आणि ती माउली माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात पडली. आम्ही तिला उचलून पक्क्या सडकेपर्यंत पोहोचवले. दवाखान्यात ती वाचली, ही ईश्वरकृपा. त्या रात्री मी कीर्तनास उभा राहिलो तेव्हा ज्या दोन शेतकऱ्यांच्या बांधांनी ती वाट गिळली होती, ते दोघेही पुढच्या रांगेत टाळ वाजवीत होते. मी पूर्वरंग सोडून त्या बाजेचीच कथा सांगितली. एकाने पुढे बांध मागे घेतला. दुसऱ्याने माझ्याशी बोलणे सोडले. कीर्तनाने सारी मने पालटतात असे मी म्हणणार नाही. परंतु त्या उन्हाळ्यात त्या गावाने पुन्हा फावडे उचलले.

कायद्याचे पाठबळ या कामी आहेच. वहिवाटीच्या रस्त्यातील अडथळा दूर करण्याचा अधिकार 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमान्वये तहसीलदारांना आहे. बांधावरून शेतात जाण्यास वाट देण्याची तरतूद 1966 च्या जमीन महसूल संहितेच्या 143 व्या कलमात आहे. राज्य शासनाने 2021 साली मातोश्रींच्या नावे शेत व पाणंद रस्त्यांची योजनाही आणली. हे सारे घ्यावे, अवश्य घ्यावे. परंतु शासन एकदा रस्ता करून देईल. पावसाळ्यागणिक चारी उपसावयास कोण येणार? बांधणे हे शासनाचे काम असले, तरी राखणे हे गावाचेच.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. निजामी अमलात मराठवाड्याने वेठबिगारी पाहिली आहे. तेव्हा श्रमदानाचे नाव घेऊन गरिबाच्याच हाती टोपले द्यावयाचे आणि पाटलाने सावलीत उभे राहावयाचे, असे घडता कामा नये. दान ते, जे देणारा स्वेच्छेने देतो. ज्याची जमीन अधिक, त्याचा वाटाही अधिक, हा सरळ न्याय आहे.

जनाबाईंची कथा याहून वेगळे काय सांगते? दळणकांडण, झाडलोट, पाणी भरणे या तिच्या कष्टांत प्रत्यक्ष विठ्ठल हात लावावयास येई, अशी भाविकांची श्रद्धा आहे. ज्या कामाला देवाला कमीपणा वाटला नाही, त्याला आपल्याला का वाटावा? श्रीगाडगेबाबा (1876 ते 1956) गावात शिरताच हाती खराटा घेत, दिवसभर गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तन करीत. त्यांच्या कीर्तनाचा पूर्वरंग खराट्यानेच होत असे, असे मी मानतो.

दूरदेशीही हा धर्म लोक पाळतात. अमेरिकेत अ‍ॅपलाचियन डोंगररांगेतून जाणारी सुमारे 3,500 किलोमीटरची पायवाट 1937 साली पूर्ण झाली. तिची निगा आजही मुख्यतः स्वयंसेवक राखतात. स्पेनमधील सांतियागोच्या यात्रामार्गावर एलियास वालिन्या या धर्मगुरूंनी 1980 नंतरच्या दशकात पिवळे बाण रंगवून वाटसरूंना दिशा दाखविली. देव निराळा आणि भाषाही निराळी. मात्र पुढून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या पायाला काटा बोचू नये, ही कळवळ तीच.

आपल्या शास्त्रकारांनी विहिरी, तळी, देवालये यांच्या निर्मितीस पूर्तकर्म म्हटले आहे. वाट राखणे त्याच जातीचे पुण्य होय. यंदा ज्यांना पंढरीस जाणे घडत नाही, त्यांनी मनी खंत धरू नये. एकादशीच्या आदल्या रविवारी चार शेजारी घेऊन, एक फावडे व एक कोयता घेऊन आपल्या पांदणीवर जावे. तुंबलेली चारी मोकळी करावी, वाटेवरचा काटा दूर सारावा. दुसऱ्या दिवशी त्या वाटेने कोणी म्हातारी काठी टेकीत कोरड्या पायांनी गेली, तर तुमची वारी विठ्ठलाच्या दारी रुजू झाली असे समजावे.