हँडलवरच्या जीपीएसला काय कळतं, काय कळत नाही

नवा जीपीएस सायकल कॉम्प्युटर हँडलवर बसला, की पहिल्याच रविवारी वाद सुरू होतो. सिंहगड चढून चौघे मित्र एकत्र खाली उतरतात आणि चौघांच्या स्क्रीनवर अंतर वेगळं, चढाई वेगळी, ॲव्हरेज वेगळं. मग कुणाचं यंत्र चांगलं आणि कुणाचं बिघडलेलं, यावर चर्चा होते. बहुतेक वेळा बिघडलेलं कुठलंच नसतं. या डबीत एकच मोजमाप चालत नाही. जागा उपग्रहांवरून कळते, उंची हवेच्या दाबावरून, वेग चाकावर सेन्सर असेल तर त्याच्यावरून, पुढचं वळण नकाशावरून आणि कॅलरी एखाद्या सूत्रावरून. आकडा कुठून आला हे माहीत असलं, तर त्यावर किती विसंबायचं हेही ठरवता येतं.

‘मोबाइलची रेंज गेली की जीपीएस बंद’

जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही, सिम लागत नाही, डेटाही लागत नाही. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संदेश पाठवत असतात आणि हँडलवरचं यंत्र ते फक्त ऐकतं. उलट काहीही पाठवत नाही. म्हणून ताम्हिणीच्या जंगलात फोन मुका झाला, तरी राइडची नोंद चालू राहते.

सुरुवातीला ‘उपग्रह शोधत आहे’ असं जे दिसत राहतं, त्यालाही कारण आहे. प्रत्येक जीपीएस उपग्रह स्वतःच्या कक्षेचा तपशील सेकंदाला ५० बिट इतक्या संथ गतीने पाठवतो आणि त्याचं पूर्ण चक्र ३० सेकंदांचं असतं. मध्ये इमारत किंवा झाड आलं, की पुढच्या चक्राची वाट पाहावी लागते. बरीच यंत्रं ही माहिती फोनकडून आधीच उतरवून घेतात, म्हणून फोनला जोडलेलं यंत्र लवकर तयार होतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बटण दाबून तसंच निघण्यापेक्षा उघड्यावर मिनिटभर थांबा. पहिल्या किलोमीटरची रेघ सरळ येईल.

‘अंतर मोजण्यात जीपीएस चुकूच शकत नाही’

जीपीएस अंतर थेट मोजत नाही. बहुधा दर सेकंदाला एक बिंदू घेतो आणि बिंदू सरळ रेषांनी जोडतो. मोकळ्या आकाशाखालीही प्रत्येक बिंदू काही मीटर इकडेतिकडे असू शकतो. घाटात एका बाजूला उभा कडा असला, की संदेश कड्यावर आपटून उशिरा पोहोचतो आणि बिंदू रस्ता सोडून दरीत दिसतो. हल्ली ‘ड्युअल बँड’ म्हणून जी यंत्रं विकली जातात, त्यांचा खरा उपयोग इथे आहे. नव्या एल-५ लहरीवरचा संकेत जुन्या नागरी एल-१ संकेतापेक्षा दहापट वेगाने बदलतो, त्यामुळे थेट आलेला आणि आपटून आलेला संदेश वेगळा करणं सोपं जातं. सपाट, मोकळ्या महामार्गावर मात्र या जास्तीच्या पैशांचा फरक फारसा जाणवणार नाही. इस्रोच्या नाविक या दिशादर्शक यंत्रणेचे उपग्रहही एल-५ वर संदेश देतात, पण यंत्रातली चिप ते ऐकणारी हवी. डब्यावरचा तपशील वाचूनच घ्या.

चाकाच्या हबवर स्पीड सेन्सर असेल, तर अंतर आणि वेग सहसा त्याच्याकडून घेतले जातात. कात्रजच्या जुन्या बोगद्यात उपग्रह दिसेनासे झाले, तरी चाक मोजलं जातच असतं. पण सेन्सरला फक्त फेऱ्या कळतात, चाकाचा घेर आपण सांगायचा. ७००×२५ टायरचा घेर साधारण २१०५ मिलिमीटर आणि ७००×२८ चा २१३६. टायर बदलला आणि सेटिंग तसंच राहिलं, तर शंभर किलोमीटरमागे दीड किलोमीटरचा फरक पडतो. काही यंत्रं हा घेर जीपीएसवरून स्वतः जुळवतात. आपलं जुळवत नसेल, तर जमिनीवर खूण करून, सायकलवर बसून, चाकाची एक पूर्ण फेरी टेपने मोजा. बसूनच मोजा, कारण वजनाने टायर दबतो.

‘माझी चढाई मित्रापेक्षा ८० मीटर कमी, म्हणजे यंत्र खराब’

सर्वांत जास्त भांडणं याच आकड्यावरून होतात. उपग्रह फक्त क्षितिजाच्या वर दिसतात, पायाखालून कुणी संदेश देत नाही. त्यामुळे आडव्या जागेपेक्षा उंचीत जीपीएसची चूक सहसा जास्त असते. म्हणून चांगल्या सायकल कॉम्प्युटरमध्ये हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर असतो. समुद्रसपाटीजवळ सुमारे आठ मीटर वर गेलं, की दाब एक हेक्टोपास्कलने कमी होतो. छोटे चढउतार टिपण्यात हा सेन्सर फार तरबेज आहे.

मात्र दाब हवामानानेही बदलतो आणि यंत्राला दोन्हींतला फरक कळत नाही. आपल्याकडे, उष्ण कटिबंधात, तो रोज ठरल्यासारखा हलतो. सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत जास्त, दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी, आणि मधला फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा. म्हणजे सकाळी दहाला घरून निघून चारला परत आलात, तर आभाळ निरभ्र असूनही स्क्रीनवर घर पंचवीस-तीस मीटर उंच दिसू शकतं. यंत्र ठीक आहे, हवा बदलली आहे. पावसाळ्यात दाब झपाट्याने उतरला, तर फरक आणखी वाढतो.

एकूण चढाईचा आकडा तर आणखी नाजूक. किती मीटरच्या उंचवट्याला ‘चढ’ म्हणायचं, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. लहानसहान उंचवटे एकाने मोजले आणि दुसऱ्याने गाळले, की शंभर किलोमीटरच्या शेवटी मोठी तफावत पडते. बॅरोमीटर नसलेल्या यंत्राची राइड स्ट्रावावर चढवली, तर स्ट्रावा स्वतःकडच्या उंचीच्या नकाशावरून आकडा नव्याने काढतं. म्हणून वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडण्यात अर्थ नाही. आपल्याच यंत्राच्या आजच्या आणि मागच्या राइडची तुलना जास्त खरी असते.

उंची जुळवायची असेल, तर उत्तम जागा म्हणजे रेल्वे स्टेशन. फलाटाच्या टोकाला असलेल्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. आणि पावसात चढाई अचानक थांबली किंवा उंची एकाच आकड्यावर अडकली, तर यंत्राच्या पाठीमागचं बारीक छिद्र पाण्याने किंवा चिखलाने बुजलेलं असतं. स्वच्छ पाण्याने धुवा, वाळू द्या. टाचणी घालू नका, आतला पडदा फाटेल.

‘जीपीएसने चुकीच्या रस्त्याला नेलं’

जीपीएस फक्त तुम्ही कुठे आहात ते सांगतो. कुठे वळायचं हे नकाशा आणि मार्ग काढणारा प्रोग्राम ठरवतो. बऱ्याच सायकल कॉम्प्युटरमधले नकाशे ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेले असतात. २००४ साली सुरू झालेला हा नकाशा जगभरातले स्वयंसेवक काढतात. सह्याद्रीतली एखादी पायवाट कुणी ‘रस्ता’ म्हणून नोंदवली असेल, तर यंत्र तुम्हाला बिनदिक्कत तिच्यावर पाठवेल. मार्ग आदल्या रात्री मोठ्या स्क्रीनवर, उपग्रहचित्रासकट तपासा. आणि चूक सापडली तर ती दुरुस्त करण्याचा हक्क तुम्हालाही आहे, तो वापरा. पुढच्या सायकलस्वाराचा वळसा वाचेल.

‘ॲव्हरेज २२ आहे, वेळ भरपूर आहे’

ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत संपवायची लांब पल्ल्याची राइड, करणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. ऑटो-पॉझ चालू असेल, तर थांबलेला वेळ सरासरीतून वगळला जातो. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. २२ च्या वेगाने अंतर नऊ तासांत संपतं. पण चहा, पंक्चर आणि जेवणात पाच तास गेले, तर तुम्ही मुदतीबाहेर आणि स्क्रीनवर मात्र २२ कायम. एकूण गेलेला वेळ दाखवणारा रकाना पहिल्याच पानावर ठेवा.

कॅलरीबद्दल थोडक्यात. पॉवर मीटर असेल तर आकडा बराच विश्वासार्ह, कारण पेडलवर झालेलं काम तिथे प्रत्यक्ष मोजलेलं असतं. नसेल तर तो वजन, वेग आणि हृदयाचे ठोके यांवरून बांधलेला अंदाज आहे. समोरून वारा होता की तुम्ही मित्राच्या मागे आडोशाने चालला होता, हे त्याला ठाऊक नसतं. त्या आकड्यावर जेवणाचं ताट ठरवू नका.

‘अपघात झाला तर यंत्र घरी कळवेल’

हा गैरसमज जिवावर बेतू शकतो. पडल्याचं ओळखून संदेश पाठवण्याची सोय आणि घरच्यांना दिसणारं लाइव्ह ट्रॅकिंग, दोन्ही साधारणपणे खिशातल्या फोनवरून, मोबाइलच्या नेटवर्कवर चालतात. ताम्हिणी, वरंधसारख्या घाटांत रेंज जागोजागी जाते. यंत्राला पडल्याचं कळेल, जागाही अचूक कळेल, पण निरोप बाहेर पडणार नाही. घरी मात्र शेवटचा ठिपका तसाच दिसत राहील.

उपग्रहामार्फत थेट संदेश पाठवणारी यंत्रं वेगळी असतात. ती केवळ ऐकत नाहीत, पाठवतातही, आणि म्हणूनच उपग्रह-फोनप्रमाणे तीही सरकारी परवानगीशिवाय भारतात बाळगता येत नाहीत. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून असं काही मागवू नका. साध्या सायकल कॉम्प्युटरला हा नियम लागू नाही.

म्हणून नव्या यंत्रात आणीबाणीचा संपर्क आजच भरा, एकदा संदेश पाठवून तो पोहोचतो का ते पाहा, पण तेवढ्यावर थांबू नका. कुठल्या घाटाने जाणार, रेंज कुठे नसेल आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा, हे निघण्याआधी घरच्यांना सांगून जा.