मुन्नाने अंडे घातले!

कोंढव्यातल्या आमच्या घरी आठ वर्षांपासून लाल कानाचे एक कासव आहे. मुलांनी त्याचे नाव मुन्ना ठेवले. नराची पुढची नखे लांब असतात, याची आखूड होती; पण पाहिले कोणी?

मागच्या उन्हाळ्यात मुन्नाने खाणे सोडले. रात्रभर काचेवर पंजे घासायचे, बाहेर काढले की मागच्या पायांनी फरशी खरवडायचे. अम्मी म्हणाल्या, "याच्या पोटात काहीतरी आहे." आम्ही हसलो. तिसऱ्या दिवशी टाकीच्या तळाशी पांढरे, लांबट अंडे दिसले.

"नर नाही तर अंडी कशी?" असे दुकानदारानेही विचारले. अहो, कोंबडी कोंबड्याशिवाय घालतेच ना! अशा अंड्यांतून पिल्लू निघत नाही, इतकेच. मात्र पूर्वी कधी नराबरोबर राहिलेली मादी पुढे बराच काळ फळणारी अंडी घालू शकते.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. आत आणखी सात अंडी होती. कासवी अंडी मातीत पुरते. माती मिळाली नाही तर रोखून धरते, ती अडकतात आणि जिवावर बेतते. हे ऐकून आम्ही ओशाळलो. आठ वर्षे पाणी बदलले, मूठभर माती दिली नव्हती.

त्याच संध्याकाळी मोठ्या टबात फूटभर माती आणि वाळू भरली, मुठीत दाबली तर गोळा व्हावा इतकी ओली. टब गॅलरीत सावलीला ठेवून चादरीचा आडोसा केला, कारण कोणी डोकावले की ती खणणे सोडून देते. मुलांना आवरणे हेच अवघड काम! दुसऱ्या रात्री सातही अंडी मातीत होती. नसती घातली तर डॉक्टर कॅल्शियम आणि इंजेक्शन देणार होते. घरी पोट दाबून पाहण्याचा उद्योग कधीही करू नये.

आता समुद्रफेणाचा तुकडा टाकीत असतो. सकाळचे ऊन थेट मिळते. काचेतून आलेल्या उन्हाचा कवचाला उपयोग नाही. कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुतो, टाकी स्वयंपाकघरात धुत नाही. साल्मोनेला जंतूंमुळेच अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवे पाळण्यासाठी विकायला बंदी आहे.

कंटाळून कोणी हे परदेशी कासव मुठेत सोडू नये, ते इथल्या कासवांचे अन्न आणि जागा बळकावते. आपल्याकडचे चांदणी कासव पाळणे तर १९७२ च्या कायद्याने गुन्हाच आहे. सापडले तर वनविभागाला १९२६ वर कळवावे.

एकाच हंगामात कासवी पुन्हा अंडी घालू शकते, म्हणून टब तसाच आहे. अम्मींना त्यात कोथिंबीर पेरायची होती. मुलांनी पेरू दिली नाही.