स्पीकर आठ, आवाज दोनच

नुंगंबाक्कमच्या कॉलेज रोडवर अलियान्स फ्रान्सेजचं सभागृह आहे, आणि त्याच वस्तीत रटलंड गेटला चेन्नईचं मॅक्सम्युलर भवन. पुण्यामुंबईच्या प्रायोगिक मंडळींना ही नावं परकी नाहीत. याच संस्थांची भावंडं त्यांच्याही शहरात आहेत. समजा, एखादं मराठी नाटक अशा सभागृहात प्रयोगाला निघालं. नेपथ्य घडीचं, पात्रं चार, आणि सगळं पार्श्वसंगीत एका लॅपटॉपमध्ये. पुण्यात आठ स्पीकर लावून रंगीत तालीम झाली होती, इथे चार मिळणार आहेत. प्रयोगाच्या दिवशी दुपारी हॉल ताब्यात येतो, दिवे आधी लागतात आणि ध्वनीच्या वाट्याला उरलेला तास येतो. त्या तासात जे गोंधळ होतात त्यांतले बहुतेक यंत्रामुळे होत नाहीत. लॅपटॉपमधला आवाज स्पीकरपर्यंत कसा पोचतो, याविषयी आपल्या डोक्यात बसलेल्या काही समजुती त्यांच्या मुळाशी असतात.

पहिली समजूत: स्पीकर वाढवले की सराउंड झाला. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून दोनच स्वतंत्र आवाज बाहेर पडतात, डावा आणि उजवा. त्याला फाटे फोडून आठ स्पीकर जोडले तरी ते दोनच आवाज चार-चार ठिकाणी वाजतात. ‘कुत्रा फक्त मागून भुंकायला हवा’ असं दिग्दर्शक म्हणाला, तर त्या मागच्या स्पीकरला स्वतःची वेगळी वाट लागते. म्हणजे आठ आउटपुट असलेलं साउंड कार्ड हवं, किंवा दान्तेसारखी व्यवस्था हवी, जी नेटवर्कच्या एकाच केबलमधून अनेक चॅनल नेते.

उलटही खरं नाही. ट्रॅक मोजून दिशा कळत नाहीत. ‘शोले’ 1975 साली 70 मिमीच्या पडद्यावर सहा ट्रॅकच्या ध्वनीसह आला. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हा थिएटरात नाणं उडालं तेव्हा ते खरंच पडलं समजून लोक खुर्चीखाली वाकले, असं सांगणारे अजून भेटतात. पण 70 मिमीच्या नेहमीच्या मांडणीत सहापैकी पाच ट्रॅक पडद्यामागच्या स्पीकरांचे असत. प्रेक्षागृहाच्या वाट्याला एकच.

दुसरी समजूत सगळ्यात चिवट आहे: आवाज कुठून निघणार हे मिक्सरवाला बघेल, सॉफ्टवेअरचं काम फक्त फाइल वाजवणं. मिक्सरवर ते करता येतं, नाही असं नाही. पण मग दर क्यूला, म्हणजे आवाज सोडायच्या प्रत्येक खुणेला, कुणीतरी हाताने फेडर हलवायचे, आणि तो ‘कुणीतरी’ चेन्नईत पहिल्यांदाच हे नाटक बघत असतो.

क्यूलॅबसारखं सॉफ्टवेअर (2006पासून आहे, फक्त मॅकवर चालतं) प्रत्येक क्यूसाठी एक तक्ता देतं. आडव्या ओळी म्हणजे फाइलमधले चॅनल, उभे रकाने म्हणजे त्या क्यूची आउटपुट. ओळ आणि रकाना जिथे छेदतात त्या चौकटीत आकडा भरला की तो चॅनल त्या वाटेने तेवढ्या जोराने जातो. चौकट रिकामी ठेवली की जातच नाही. डावा चॅनल डावीकडेच गेला पाहिजे अशी सक्ती कुठेच नाही.

आता इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि माझ्या मते या विषयातली हीच महत्त्वाची. क्यूची आउटपुट म्हणजे साउंड कार्डच्या मागची भोकं नव्हेत. मध्ये आणखी एक तक्ता असतो. त्याला पॅच म्हणतात. क्यूचं अमुक आउटपुट कार्डाच्या तमुक भोकातून काढायचं, हे तिथे ठरतं. म्हणून क्यू बांधताना रकान्यांना जागेची नावं द्यावीत: ‘रंगमंच डावा’, ‘रंगमंच उजवा’, ‘मागे डावा’, ‘विंगेतला रेडिओ’. कुत्रा ‘मागे डावा’मध्ये भुंकतो, एवढंच नाटकाला माहीत असावं. ‘मागे डावा’ म्हणजे सातवं भोक की तिसरं, हा त्या त्या हॉलचा प्रश्न. नाट्यगृह बदललं की आपण नेपथ्य नव्याने बसवतो, संवाद बदलत नाही, तसंच.

हे न करणारे लोक दीडशे क्यू एकेक उघडून आकडे बदलत बसतात आणि चहा गार होतो. हे करणारे पॅच एकदाच उघडतात. पुण्यात ‘बाजूला डावा’ आणि ‘मागे डावा’ वेगळे होते, चेन्नईत दोन्ही एकाच स्पीकरकडे वळवले, झालं. फक्त एक सांभाळायचं: दोन्ही वाटांवर हुबेहूब तोच आवाज असेल, तर एकत्र आल्यावर तो 6 डेसिबलने वाढतो, वेगवेगळे आवाज असतील तर सुमारे 3ने. पावसाचा क्यू पुण्यात रिमझिम होता आणि इथे धोधो वाटला, तर कारण बहुधा हेच.

ध्वनी एकीकडे आणि त्याला वाट दाखवणाऱ्या सूचना दुसरीकडे, ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. डिस्नेच्या ‘फँटेशिया’साठी 1940 साली केलेल्या फँटासाउंड व्यवस्थेत तीन ट्रॅक आवाजाचे होते आणि चौथा निव्वळ हुकूम देणारा, त्या तिघांचा जोर कमीजास्त करणारा. फक्त ती सगळी यंत्रसामग्री इतकी अवजड होती की मोजक्याच थिएटरांत बसली.

सहा चॅनलची फाइल सहा स्पीकरांत आपोआप बरोबर जाते, हाही असाच एक विश्वास. सॉफ्टवेअरला ‘मधला’ किंवा ‘मागचा’ हे शब्द कळत नाहीत. त्याला पहिली ओळ, दुसरी ओळ एवढंच कळतं. आणि 5.1च्या, म्हणजे अशा सहा चॅनलच्या, फाइलमध्ये कोणता चॅनल कितवा, याच्या दोन प्रथा आहेत. वेव्ह फाइलच्या प्रथेत क्रम डावा, उजवा, मधला, एलएफई (खोल, घुमणाऱ्या आवाजांचा), मागचा डावा, मागचा उजवा असा. सिनेमावाल्यांच्या प्रथेत डावा, मधला, उजवा, मागचा डावा, मागचा उजवा आणि शेवटी एलएफई. पहिल्या प्रथेने लावलेल्या हॉलमध्ये दुसऱ्या प्रथेची फाइल वाजवली की काय होतं ते बघा: मधोमध यायचं निवेदन उजवीकडून येतं, मागच्या डाव्या कोपऱ्यातले पक्षी सबवूफरमध्ये गडप होतात आणि ढग मागच्या उजव्या स्पीकरात गडगडतात. अशा वेळी लोक केबल तपासतात. केबल ठीक असते.

एलएफई म्हणजेच सब, हेही अर्धसत्य. एलएफई हा फाइलमधला एक चॅनल आहे आणि सब हा हॉलमधला एक स्पीकर. सिनेमाच्या थिएटरात एलएफई 10 डेसिबल चढवून वाजवण्याची पद्धत आहे. नाटकाच्या हॉलमध्ये ती वाढ आपोआप मिळेल असं धरू नये. सबला काय जावं हे आपण त्या चौकटीत ठरवायचं.

चौकटीतल्या शून्याचाही घोळ होतो. आकडे डेसिबलमध्ये असतात. शून्य म्हणजे आवाज बंद नव्हे, जसा आहे तसा पूर्ण. गप्प करायचं तर उणे अनंत.

वेळेच्या बाबतीत मात्र जरा थांबायला हवं, कारण इथे कानच फसवतात. ध्वनी 20 अंश सेल्सिअसला सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. 17 मीटर पार करायला त्याला 50 मिलिसेकंद लागतात. रंगमंचावरच्या नटाचा आवाज माइकवरून मागच्या स्पीकरलाही पाठवला, तर मागच्या रांगेला तो आधी मागून ऐकू येतो आणि नट डोक्यामागे उभा असल्यासारखं वाटतं. जर्मनीच्या हेल्मुट हास यांनी 1949च्या प्रबंधात या गोष्टीचा अभ्यास केला: तोच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला, तर जो आधी पोचतो त्याच्या दिशेला आपण आवाज ‘आहे’ असं मानतो, उशिराचा काहीसा मोठा असला तरी. म्हणून मागच्या स्पीकरला अंतराइतका आणि वर दहाएक मिलिसेकंदांचा उशीर लावतात.

यातूनच आणखी एक भ्रम फुटतो. फेड क्यू लावून आवाज डावीकडून उजवीकडे ‘चालवला’, की सगळ्या प्रेक्षकांना तो चालताना ऐकू येईल असं वाटतं. मधल्या काही खुर्च्यांना येतो. उजव्या भिंतीकडे बसलेल्याला तो बराच काळ उजवीकडेच असतो, कारण जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो. रेल्वे रंगमंचावरून धडधडत जायला हवी असेल, तर दोन टोकांच्या स्पीकरांवर विसंबू नये. मध्ये एखादा तिसरा द्यावा. आणि आवाज खरोखर जिथून यायचा तिथेच स्पीकर ठेवता येत असेल, म्हणजे विंगेतल्या रेडिओचा आवाज रेडिओमागे लपवलेल्या छोट्या स्पीकरमधून, तर त्याच्यापुढे बाकी सगळी करामत फिकी.

‘बफर (पुढे पाठवण्याआधी संगणक जमवून ठेवतो तो आवाजाचा तुकडा) जितका लहान तितका बरा’ हे घोकणारे मात्र उगीच घाबरतात. 48 किलोहर्ट्झला 512 सॅम्पलचा बफर म्हणजे जेमतेम 11 मिलिसेकंद. तेवढ्यात हवेतला ध्वनी पावणेचार मीटरही जात नाही. लॅपटॉपमधून कुणी थेट गात नसेल, तर एवढ्या उशिराने काही बिघडत नाही. खूप लहान बफरने मात्र ऐन प्रयोगात कटकट आवाज येऊ शकतो.

चार आउटपुटची दोन कार्डं जोडली की आठ झाली, हे मॅकवर ‘अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस’ करून जमतं, पण दोन्ही कार्डांची घड्याळं किंचित वेगळी चालतात आणि ती एकमेकांशी जुळवणारी खूण चालू करावी लागते. आठ आउटपुटचं एकच कार्ड भाड्याने मिळत असेल तर ते आणावं.

प्रोजेक्टरची तार जोडल्यावर आवाज गेला, तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी पॅच बघावा. एचडीएमआयमधून ध्वनीही जातो, आणि संगणक नवीन सापडलेल्या पडद्यालाच आपला स्पीकर मानू शकतो. पॅच ‘सिस्टिमचं जे असेल ते’ यावर ठेवला असेल, तर नाटकाचा आवाज प्रोजेक्टरच्या पोटात जातो. कार्डाचं नाव निवडून ठेवलं असेल, तर जात नाही.

राहिला पैशाचा मुद्दा. क्यूलॅब फुकट मिळतं हे खरं, पण फुकटच्या आवृत्तीत आवाजाची आउटपुट दोनच. घरी हेडफोन लावून क्यू बांधताना ही मर्यादा जाणवतही नाही. ती जाणवते हॉलमध्ये, मागचे स्पीकर गप्प बसतात तेव्हा. परवाना दिवसाच्या भाड्यानेही मिळतो. तो घेतला की प्रत्येक स्पीकरसाठी एकेक क्यू करून त्यात आपल्याच आवाजात ‘रंगमंच डावा’, ‘मागे उजवा’ असं बोलून ठेवावं. हॉल मिळाल्याबरोबर आधी ते वाजवावेत, मग नाटकाचे.