शरद ऋतू आणि घरची गोधडी

वर्षाऋतूचा जोर ओसरून आकाश निवळू लागले, प्राणहितेचे गढूळ पाणी दिवसेंदिवस निर्मळ दिसू लागले आणि बांधीतील धान निसवू लागले, म्हणजे आपल्या अहेरीकडे शरद ऋतू आला असे समजावे. या ऋतूच्या चांदण्याचे वर्णन कवींनी पुष्कळ केले आहे. परंतु घर चालविणाऱ्या माणसाच्या दृष्टीने त्याची खरी थोरवी त्याच्या उन्हात आहे. चार महिने ओल खाल्लेल्या भिंती, कुबट वास येणारी अंथरुणे आणि पेटीच्या तळाशी दबून राहिलेली वस्त्रे या सर्वांस याच उन्हाने नवा जीव येतो. अशा या ऋतूत घरोघरी जी कामे निघतात, त्यांपैकी गोधडी शिवण्याच्या कामाची माहिती विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस द्यावी, आणि त्या अनुषंगाने घर सजविण्याविषयीही दोन शब्द सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हे काम याच दिवसांत का निघते, हे प्रथम पाहू. आपला भाग धानाचा. आषाढ-श्रावणात रोवणी होते, पुढे निंदण होते, आणि कार्तिकाच्या सुमारास कापणीची घाई सुरू होते. मधल्या काळात शेतकऱ्याच्या घरातील स्त्रियांस दुपारची थोडी उसंत मिळते. पाऊस थांबल्यामुळे धुतलेले कापड एका दिवसात खडखडीत वाळते. दिवस मोठा नसला तरी उजेड स्वच्छ असतो, त्यामुळे सुईत दोरा ओवण्यास डोळ्यांना ताण पडत नाही. आणि मार्गशीर्षातील थंडी अजून दीड-दोन महिने दूर असते. उसंत, ऊन आणि पुढील गरजेची जाणीव ही तिन्ही एकत्र आली, म्हणजे सुई आपोआप हाती येते.

परंतु सुई हाती घेण्यापूर्वी घराकडे पाहावे लागते. पावसाने मातीच्या भिंतींस भेगा पडतात, पोपडे निघतात. त्या माती व शेण कालवून लिंपतात. शेणात गवताचे बारीक तंतू असतात. ते मातीस धरून ठेवतात व वाळताना तिला फार तडे जाऊ देत नाहीत. लिंपण वाळले की वर पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा हात फिरवावा आणि खाली वीतभर गेरूचा पट्टा ओढावा, म्हणजे साधी झोपडीही नेटकी दिसते. अंगणात सडा, उंबऱ्यापुढे रांगोळी आणि दारावर आंब्याच्या पानांचे व झेंडूचे तोरण असले, की सणास आणखी काही विकत आणावे लागत नाही. धान पिकल्यावर चार लोंब्यांची जुडी दारावर टांगावी. ती शोभाही देते आणि चिमण्यांस दाणेही देते.

अहेरीकडे या सजावटीस आणखी एक रंग आहे. येथील राजवाड्याचा दसरा प्रसिद्ध असून दूरदूरच्या खेड्यांतील लोक त्यास येतात. त्याच सुमारास अहेरी व सिरोंचा भागातील तेलुगू बोलणाऱ्या घरांतून बतुकम्मा हा फुलांचा सण होतो. भाद्रपद अमावास्येस त्याचा आरंभ होतो व दुर्गाष्टमीच्या सुमारास शेवट. तरवडाची पिवळी फुले, कुर्डूचे तुरे, झेंडू अशी रानात व परसात फुकट मिळणारी फुले ताटात गोल गोल रचून त्यांचा निमुळता मनोरा करतात; स्त्रिया त्याभोवती फेर धरतात आणि शेवटच्या दिवशी तो तळ्यात सोडतात. येथे ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की या सजावटीतील एकही वस्तू पैसे टाकून आणलेली नसते. जे आहे, त्याची नीट मांडणी केलेली असते. गोधडीचे तत्त्वही हेच आहे.

गोधडी म्हणजे जुनी, वापरून मऊ झालेली वस्त्रे एकावर एक पसरून, धावदोऱ्याच्या टाक्यांनी एकजीव केलेले पांघरूण. रजईत पिंजलेला कापूस असतो, गोधडीत तो नसतो, एवढा दोहोंत भेद. कोणी हिला वाकळ म्हणतात. तेलुगूत बोंत म्हणतात. कर्नाटकात कौदी व बंगाल्यात कांथा म्हणतात. संस्कृतात ठिगळांच्या वस्त्रास कंथा हा शब्द आहे. एकाच वस्तूस इतकी नावे असावीत, यावरून ती किती घरांत नांदत आली आहे हे दिसून येते.

गोधडी उबदार का असते? कापड स्वतः उष्णता उत्पन्न करीत नाही. उष्णता आपल्या शरीराची असते. कापडाच्या थरांमध्ये जी हवा अडकते, ती स्थिर राहिल्यामुळे शरीराची ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणून एक जाड कापड पांघरण्यापेक्षा पाच-सहा पातळ थर अधिक उपयोगी पडतात. विद्यार्थ्यांस हे स्वतः पडताळून पाहता येईल. दोन सारखे तांबे घेऊन त्यांत सारखेच ऊन पाणी भरावे. एकास कापडाचा एकच वेढा घट्ट द्यावा व दुसऱ्यास त्याच कापडाचे पाच-सहा सैल वेढे द्यावेत. अर्ध्या तासाने दोन्ही पाण्यांत बोट बुडवून पाहावे. टाक्यांचे कामही येथेच कळते. ते थरांस जागच्या जागी धरून ठेवतात. टाके विरळ असतील तर आतील चिंध्या एका बाजूस गोळा होतात आणि दुसरी बाजू उघडी पडते.

आता कृती सांगतो. प्रथम जुनी लुगडी, धोतरे, सदरे निवडून स्वच्छ धुवावीत व कडक उन्हात वाळवावीत. ज्या कापडाचा रंग जातो, ते वेगळे धुवावे. सुती कापडात रेशमी किंवा कोशाचे तुकडे मिसळू नयेत, कारण धुतल्यावर ती सारखी आटत नाहीत आणि गोधडीस चुण्या पडतात. सदऱ्यांच्या जाड शिवणी, गुंड्या व काज कापून काढावेत, नाही तर सुई अडते. लुगड्याचे काठ मात्र जपून ठेवावेत; तेच पुढे कडेस लावावयाचे असतात.

नऊवारी लुगडे सत्तावीस फूट लांब असते आणि त्याचा पन्हा सुमारे चार फूट असतो. सहा फुटांचे तुकडे केल्यास एका लुगड्याचे चार तुकडे होऊन तीन फूट कापड शिल्लक राहते. अर्थात सहा फूट लांब व चार फूट रुंद अशा एका माणसाच्या गोधडीचे चार थर एकाच लुगड्यात निघतात, आणि उरलेले कापड ठिगळांस पुरते. वर-खाली एकेक धडके कापड आणि मध्ये विरलेले तुकडे, अशी रचना करावी. विरलेल्या जागा एकावर एक येऊ देऊ नयेत.

सारवलेल्या व कोरड्या जमिनीवर, अथवा चटईवर, खालचे कापड ताणून पसरावे आणि चारी कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, तांब्या असे काही वजन ठेवावे. त्यावर एकेक थर हाताने सारखा करीत घालावा. सर्व थर बसल्यावर मध्यापासून कडेकडे लांब लांब कच्चे टाके घालावेत, म्हणजे असलेली चुणी बाहेर निघून जाते. मग कडा आत दुमडून काठ लावावा आणि पक्क्या धावदोऱ्यास कडेपासून आरंभ करावा. एक फेरा पुरा झाला की त्याच्या आत अर्ध्या इंचावर दुसरा, असे करीत मध्यापर्यंत यावे. सुई लांब व मजबूत असावी. बोटात अंगुस्तान असावे. आणि दोरा हातभरापेक्षा फार लांब घेऊ नये, कारण तो गुंततो. कोपरे आधी फाटतात, म्हणून तेथे त्रिकोणी ठिगळ दुहेरी घालून लावावे. शेवटी कच्चे टाके उसवून टाकावेत.

या कामास किती श्रम पडतात, याचा हिशेब गणिताच्या तासास शोभेल असा आहे. चार फूट रुंदीत अर्ध्या इंचावर एक याप्रमाणे सुमारे ९६ ओळी बसतात. प्रत्येक ओळ सहा फुटांची धरल्यास एकूण ५७६ फूट, म्हणजे १९२ वार शिवण होते. इंचास तीन टाके धरले तर टाक्यांची संख्या २०,७३६ भरते. मिनिटास वीस टाके पडले तरी सतरा तासांहून अधिक वेळ लागतो. रोज दुपारी दोन तास बसल्यास हे काम नवव्या दिवशी पुरे होते. म्हणजे घटस्थापनेस आरंभिलेली गोधडी दसऱ्याच्या आदल्या दिवशी घडी घालून ठेवता येईल. टाके फेऱ्याने घाला अथवा सरळ ओळींत घाला, हिशेब जवळजवळ तोच येतो. दोघी-तिघी समोरासमोर बसल्या तर दिवस कमी लागतात आणि गोष्टी अधिक होतात.

वीस हजार टाक्यांचे हे काम ज्यांच्या हातून होते, त्यांस आपण कलावंत म्हणत नाही, हे आश्चर्य होय. इतरत्र मात्र तसा मान मिळू लागला आहे. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर या भागांत आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांचे वंशज सिद्दी लोक राहतात. त्यांच्या स्त्रिया कडेपासून आत टाके घालीत गोधड्या शिवतात आणि चारी कोपऱ्यांवर घड्यांचे त्रिकोण लावून त्यांस फूल म्हणतात. ते फूल नसेल तर गोधडी त्यांस अपुरी वाटते. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे एक खेडे आहे. कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांच्या वंशजांचे ते गाव. तेथील स्त्रियांनी शेतात घालून झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या केवळ थंडी निवारण्यासाठी शिवल्या. त्याच गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात व पुढे न्यूयॉर्क येथील व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या, आणि २००६ साली अमेरिकन सरकारने त्यांची चित्रे टपालाच्या तिकिटांवर छापली. झिजलेले कापड तेच, सुई तीच. पाहणाराची दृष्टी तेवढी बदलली.

ती दृष्टी आपणांस परक्याकडून उसनी घेण्याचे कारण नाही. अमरावती जिल्ह्यात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा १९५६ सालापर्यंत, म्हणजे आपल्या देहावसानापर्यंत, चिंध्या जोडलेले वस्त्र अंगावर व खराटा हाती घेऊन गावोगाव हिंडले. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तनातून लोकांस शहाणे करावे, हा त्यांचा क्रम होता. ठिगळ हे दारिद्र्याचे चिन्ह नाही आणि अस्वच्छता हेच खरे दारिद्र्य आहे, हे त्यांच्या नुसत्या वेषावरूनच लोकांस कळे.

हे सर्व सांगण्याचे एक विशेष कारण आहे. आपल्या भागातील अनेक मुले-मुली दूरच्या खेड्यांतून येऊन वसतिगृहात राहतात. त्यांच्या ट्रंकेवर बांधलेल्या वळकटीत बहुधा घरची गोधडी असते. शेजारच्या मुलाजवळ बाजारातील झुळझुळीत, फुलाफुलांचे ब्लँकेट असते, आणि मग ही गोधडी उलगडण्यास मन कचरते. काही मुले ती पेटीखाली दडवितात आणि थंडीत कुडकुडत निजतात. मुलांनो, असे करू नका. ब्लँकेटावर त्याची किंमत छापलेली असते. गोधडीच्या वीस हजार टाक्यांची किंमत कोणी छापलेली नसते, म्हणून ती नाहीच असे नव्हे. वडिलांचे धोतर, आजीचे लुगडे, धाकट्या भावंडाचे अंगडे अशी घरची माणसेच तुमच्यासोबत वसतिगृहात आलेली असतात.

पालकांसही एक विनंती आहे. हल्ली यंत्रावर शिवलेली पांघरुणे स्वस्त मिळतात, म्हणून घरोघरी हे काम मागे पडत चालले आहे. ज्यांस ते उत्तम येते, अशा आज्यांची दृष्टी मंदावत आहे. त्यांचा हात थांबण्यापूर्वी तो मुलांच्या हाती यावा. केवळ मुलींनीच शिकावे असेही नाही. शिंप्याचा धंदा पुरुषच करीत आले आहेत, आणि वसतिगृहात तुटलेली गुंडी लावण्यास आई येत नसते. सुई धरणाऱ्या मुलास सावकाशी, सरळ रेषा आणि आरंभिलेले काम तडीस नेण्याची सवय, या तीन गोष्टी फुकट मिळतात.

तेव्हा येत्या सुटीत प्रत्येक विद्यार्थ्याने एवढे करावे. आजीच्या, आईच्या किंवा मावशीच्या शेजारी बसून सुईत दोरा ओवून द्यावा आणि निदान एक फेरा स्वतःच्या हाताने घालावा. टाके प्रथम वाकडे पडतील, पडोत. नंतर घरातील एखादी जुनी गोधडी उन्हात पसरून तिच्यातील प्रत्येक ठिगळ कोणाच्या कोणत्या वस्त्राचे आहे, हे वडील माणसांस विचारावे व वहीत टिपून ठेवावे. ज्या ठिगळाचे नाव आज सांगणारे कोणी घरात आहे, त्याचे नाव आजच लिहून घ्यावे.