गाणे कोणाचे लावायचे?

आमच्या कॉलेजला छोटे रेडिओ केंद्र चालविण्याची परवानगी मिळाली, तेव्हा प्राचार्य मला म्हणाले, "तुम्ही मराठीचे प्राध्यापक. गाणी कोणती लावायची ते तुम्हीच ठरवा." मला कोण आनंद झाला! दोन रात्री जागून मी दोनशे गाण्यांची यादी केली. निवडक भावगीते, नाट्यपदे, अभंग आणि थोडे शास्त्रीय संगीत. चित्रपटगीतांना मज्जाव! उपनगराच्या अभिरुचीला वळण लावण्याची संधी काय रोज येते?

तसे केंद्र ते केवढे! अशा सामाजिक रेडिओला शंभर वॅटची शक्ती. आवाज पोहोचायचा तो फार तर पाचदहा किलोमीटर. शिवाय निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत, असे २००६ सालचे सरकारी धोरण सांगते. हे कलम मी वाचले होते. पण त्याचा अर्थ मला उमगला नव्हता.

समितीत यादी वाचून झाली आणि बी. ए.च्या वर्गातला एक विद्यार्थी नम्रपणे म्हणाला, "यादी छान आहे, सर. पण ऐकणार कोण?"

त्याला उत्तर द्यायला मी इतिहासाकडे धावलो, आणि इतिहासच माझ्यावर उलटला. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. माणूस संगीताचा जाणकार, हेतू शुद्ध. त्यांच्या कारकिर्दीत चित्रपटगीते ऑल इंडिया रेडिओवरून जवळजवळ हद्दपार झाली. पण श्रोत्यांनी काय केले? त्यांनी काटा सिलोनकडे फिरविला! त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' तेथून सुरू झाली. लहानपणी शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून ती ऐकल्याचे वडील अजून सांगतात. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू करून आकाशवाणीला चित्रपटगीते परत आणावी लागली.

तरी मी हट्ट सोडला नाही. १९५५ साली पुणे केंद्राने 'गीतरामायण' सुरू केले. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचे स्वर, आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते. लोकांनी ती डोक्यावर घेतली की नाही? म्हणजे चांगले दिले तर लोक घेतात!

"मग लोकांनाच विचारू या," असे ठरले. कॉलेजमागच्या चाळींत आम्ही हिंडलो. एका खोलीत एक बाई साड्यांना फॉल लावीत होत्या. पाठ झालेले प्रवचन मी त्यांना ऐकविले, मोबाइलवर दोन भावगीतेही लावली. त्यांनी ती मान डोलावून ऐकली आणि सुईतून डोळे न काढता म्हणाल्या, "गाणी ग्वाड हायेत, सर. पन त्यात आमचं कोन गातंय?"

मी गप्प झालो. त्या मात्र गप्प राहिल्या नाहीत. सासूकडून आलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी म्हणून दाखविल्या. शेजारच्या खोलीतून एक आजी आल्या. त्यांना भीमगीते येत होती. पलीकडे एक कोळी गृहस्थ होते. तासाभरात आमच्या विद्यार्थ्याच्या यंत्रात अकरा गाणी गोळा झाली. त्यांतले एकही माझ्या यादीत नव्हते. मराठीचा प्राध्यापक असून त्यांतली नऊ मी आयुष्यात प्रथमच ऐकत होतो!

केसकर आणि मी, दोघांनीही एकच प्रश्न विचारला होता: लोकांनी काय ऐकावे? लोकांना काय गाता येते, हे विचारायचे मला तरी सुचले नव्हते.

आता सकाळचा तास चाळीतल्या आवाजांचा, दुपारी फर्माइशीची चित्रपटगीते, आणि रात्री साडेनऊनंतरचा अर्धा तास माझ्या यादीचा. यादीत निम्मा हात असलेले आमचे संस्कृतचे सहकारी अजून माझ्याशी मोकळेपणी बोलत नाहीत. "तुम्ही शरण गेलात," असे ते म्हणतात. त्यांचा राग मला समजतो. चांगले गाणे मागे पडण्याचे भय खोटे नाही.

पण परवा त्या फॉलवाल्या बाई रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, "रातचं तुमचं बी ऐकते हो मी. माझं लावता, मग तुमचं नको ऐकाया?"

दोनशे गाण्यांच्या त्या यादीला मिळालेली ही पहिली श्रोती.